दाढ काढायची आहे? ‘ती’ गोळी बंद करण्याआधी थांबा!

मैत्रिणींनो, तुमच्या घरातला औषधांचा डबा कुणाच्या ताब्यात असतो? बहुतेक घरांत तो तुमच्या-माझ्याच ताब्यात असतो. मामंजींची रक्तदाबाची गोळी सकाळी, सासूबाईंची साखरेची गोळी जेवणाआधी, यजमानांची कोलेस्टेरॉलची रात्री, हे सगळं आपल्याला तोंडपाठ असतं. डॉक्टर लिहून देतात, दुकानदार पुडी बांधून देतो, पण गोळी हातावर ठेवायची ती आपणच. आणि एखादे दिवशी न ठेवायची, तीही आपणच.

म्हणूनच आज माझ्या हातून झालेली एक चूक तुम्हांला सांगायला बसले आहे. सांगायला संकोच वाटतो, पण तुमच्यापैकी एकीच्या घरी जरी ती टळली, तरी संकोचाचं सार्थक झालं असं म्हणेन.

आमचं देऊळगाव राजा म्हणजे बालाजीचं गाव. आश्विनात यात्रा भरली की घरोघरी पाहुणे, अंगणात चपलांचा ढीग आणि चुलीवरचं पातेलं काही खाली उतरत नाही. २०१६ सालच्या यात्रेच्या तोंडावर आत्याबाईंची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, खालची दाढ ठणकू लागली. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्यातून त्यांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन करून धातूची झडप बसवलेली. तेव्हापासून रोज संध्याकाळी रक्त पातळ ठेवण्याची एक बारकी गोळी चालू होती.

दाढ काढायची ठरली आणि घरात चर्चा सुरू झाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, “अहो, रक्त पातळ आहे त्यांचं. दाढ काढली तर रक्त थांबायचं नाही!” नणंदबाईंचा फोन आला, त्यांनीही तेच सांगितलं. मलाही पटलं. आत्याबाईंचं बोट नुसतं विळीवर कापलं तरी रक्त बराच वेळ वाहायचं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग मी डॉक्टरांना न विचारता आठवडाभर आधीपासून ती गोळी बंद करून टाकली.

दुसऱ्याच दिवशी आत्याबाईंनी विचारलं, “आज बारकी गोळी काहून नाही दिली गं?” मी म्हटलं, “दाढ निघेपर्यंत नाही घ्यायची.” त्यांनी मान डोलावली. माझ्यावर विश्वास होता त्यांचा!

दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, “रक्त पातळ होण्याची गोळी चालू आहे का?” मी म्हटलं, “नाही.” त्या दिवशी तरी ते खरंच होतं. दाढ अगदी सुखरूप निघाली, रक्तही लगेच थांबलं. मला वाटलं, केवढी शहाणी मी! जखम भरू दे म्हणून आणखी दोन दिवस गोळी दिली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना आत्याबाईंच्या उजव्या हातातून कपबशी सुटली. काही बोलायला गेल्या, पण शब्द तोंडातच घोळले. ओठाची एक बाजू खाली ओघळली होती.

जालना, तिथून पुढे छत्रपती संभाजीनगर, अशी आमची धावपळ झाली. झडपेपाशी रक्ताची गुठळी धरली होती, तिचा तुकडा मेंदूत गेला होता. हृदयाच्या डॉक्टरांना मी रडत रडत सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, “ताई, दाढेतलं रक्त बोटानं दाबून थांबवता येतं. मेंदूतली गाठ दाबता येत नाही.”

ही गोळी नेमकं करते काय?

रक्त ‘पातळ’ होतं असं आपण म्हणतो, पण त्यात पाणी मिसळत नाही. रक्त गोठायला जो वेळ लागतो, तो वाढतो, एवढंच. आपलं यकृत ‘के’ जीवनसत्त्वाच्या मदतीने रक्त गोठवणारे काही घटक तयार करतं. वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉल (आपल्याकडे पुष्कळांच्या डब्यात ती ‘ॲसिट्रॉम’ या नावाने असते) या गोळ्या त्या कामात अडथळा आणतात. धातूची झडप, हृदयाचे अनियमित ठोके, पायाच्या शिरेत झालेली गुठळी, अशा कारणांसाठी त्या देतात.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल यांचं काम निराळं. रक्तातल्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटून गुठळी होते. त्यांचं चिकटणं या गोळ्या कमी करतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांना आणि स्टेंट बसवलेल्यांना या देतात. अलीकडे डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान अशा नव्या गोळ्याही आल्या आहेत.

“ही तर उंदीर मारायची गोळी!” असंही कुणीतरी तुम्हांला सांगेल. त्यात थोडं तथ्य आहे, म्हणून ती गंमतीची हकीकतही ऐका. १९२० च्या दशकात अमेरिका आणि कॅनडात गुरं अचानक रक्तस्राव होऊन मरू लागली. बुरशी लागलेल्या एका गोड गवताचा वाळला चारा त्यांनी खाल्लेला असे. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून विद्यापीठात आला. सोबत मेलेली कालवड, तो खराब चारा आणि न गोठलेल्या रक्ताचं भांडं! तिथल्या कार्ल लिंक या रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेने पुढे काही वर्षं खपून चाऱ्यातला तो पदार्थ शोधून काढला. त्यावरून वॉरफेरिन तयार झालं. १९४८ मध्ये ते उंदरांवरचं औषध म्हणून बाजारात आलं आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झालं. १९५५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा त्यांनाही ते दिलं होतं. बुरशीचा कडबा गुरांना घालू नये, हे आपल्याकडच्या बायाबापड्यांना कधीचं ठाऊक आहे. त्याच बुरशीतून लाखोंचे प्राण वाचवणारं औषध निघालं! मात्र ते मापातच घ्यावं लागतं. जास्त झालं तर रक्तस्राव, कमी झालं तर गुठळी.

आपल्यासारख्या लहान गावांतही आता घराघरांत या गोळ्या दिसतात. १९९० च्या डिसेंबरात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने भारतात बनवलेली पहिली कृत्रिम झडप रुग्णाला बसवली आणि झडपा आपल्या आवाक्यात येऊ लागल्या. २०१२ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेली आणि पुढे महात्मा फुले यांचं नाव मिळालेली जनआरोग्य योजना आल्यावर तर शेतकऱ्या-मजुरांच्या घरीही अशी ऑपरेशनं झाली. ऑपरेशन मोठ्या शहरात होतं. पुढची सारी वर्षं मात्र गोळी सांभाळायची असते घरी, आपल्याला.

मग दाढ काढताना गोळी बंद करायची की नाही?

साध्या दाढेसाठी बहुतेकांची गोळी बंद करावी लागत नाही, हे आज जगभरचे दातांचे आणि हृदयाचे डॉक्टर सांगतात. आणि स्वतःच्या मनाने तर ती कधीच बंद करायची नसते.

१९९८ मध्ये मायकेल वॉल नावाच्या एका अमेरिकन दंतवैद्याने तोवरच्या साऱ्या नोंदी एकत्र करून पाहिल्या. गोळी चालू ठेवून साडेनऊशेहून अधिक रुग्णांवर दातांच्या चोवीसशेवर शस्त्रक्रिया झाल्या होत्या. नेहमीच्या उपायांनी ज्यांचं रक्त थांबलं नाही, असे फक्त १२ रुग्ण निघाले. उलट दातासाठी ज्यांची गोळी थांबवली होती, अशा सुमारे पाचशे जणांत पाच जणांना गुठळीचा गंभीर त्रास झाला आणि त्यातले चार दगावले. आता तुम्हीच तराजू धरा!

दाढेची जखम डोळ्यांसमोर असते. तिच्यात बोळा दाबता येतो, टाका घालता येतो, रक्त थांबवणारा विरघळणारा स्पंज भरता येतो. शिवाय एकदा बंद केलेली गोळी पुन्हा सुरू केली, तरी तिचं संरक्षण दुसऱ्या दिवशी परत येत नाही, त्याला काही दिवस जातात. म्हणजे आपण समजतो दोन दिवस, प्रत्यक्षात माणूस आठवडाभर उघडा पडलेला असतो.

स्टेंट बसवलेल्यांनी तर जास्तच जपावं. ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल अशा दोन गोळ्या चालू असतात, त्या मुदतीआधी सोडल्या तर स्टेंट तुंबू शकतो. २००७ मध्ये अमेरिकेतल्या हृदयाच्या आणि दातांच्या डॉक्टरांच्या संघटनांनी मिळून याबद्दल बजावलं आहे. दाढ थोडी थांबू शकते किंवा गोळ्या चालू ठेवून काढता येते.

नव्या गोळ्यांचं गणित वेगळं. कधी त्या तशाच चालू ठेवतात, कधी त्या सकाळची मात्रा पुढे ढकलतात. ते डॉक्टरांनीच ठरवायचं.

आय.एन.आर. म्हणजे काय?

वॉरफेरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्यांची ही रक्ततपासणी असते. निरोगी माणसाचा आकडा एकच्या आसपास येतो. गोळी घेणाऱ्याचा बहुधा दोन ते तीनच्या दरम्यान ठेवतात. हृदयाच्या डाव्या बाजूची मिट्रल झडप धातूची असेल तर अडीच ते साडेतीन. दाढ काढण्याच्या आदल्या दिवशी ही तपासणी करून घ्यावी. आकडा नेहमी स्थिर राहत असेल तर तीन दिवसांपूर्वीचाही चालतो. ब्रिटनमधले दंतवैद्य आकडा चारच्या खाली असला, तर गोळी न थांबवता साधी दाढ काढतात. चार किंवा जास्त आला तर दाढ पुढे ढकलून आधी गोळी देणाऱ्या डॉक्टरांकडे जायचं. नव्या गोळ्यांचा परिणाम या तपासणीत नीट कळत नाही, तेव्हा त्यासाठी पैसे घालवू नका.

दुसरी दाढ

आत्याबाई त्यातून उठल्या. वर्षभर व्यायाम करून हात बराच सुधारला, बोलणं थोडं अडखळतं राहिलं. आणि २०१८ मध्ये दुसऱ्या बाजूची दाढ हलू लागली! माझ्या पोटात गोळाच आला. पण या वेळी मी पायरी पायरीने गेले. तुम्हीही तसंच करा.

आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन केला आणि त्यांच्याकडून चिठ्ठी आणली. ती, जुने कागद आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून दातांच्या डॉक्टरांकडे नेली. तोंडी नावं सांगण्यापेक्षा पाकीट दाखवलेलं बरं. ‘काही गोळ्या चालू आहेत का’ असं त्यांनी विचारलं नाही, तरी आपण होऊन सांगायचं.

सोमवारी रक्त तपासलं. आकडा दोन पूर्णांक आठ आला. मंगळवारी सकाळची वेळ घेतली. सकाळची आणि आठवड्याच्या सुरुवातीची वेळ मुद्दाम मागून घ्या. रक्त पुन्हा आलंच तर दिवसाउजेडी डॉक्टर भेटतात. शनिवारी संध्याकाळी दाढ काढली तर रविवारी दारं ठोठावत फिरावं लागतं. काढायचे दात बरेच असतील तर एकाच दिवशी काढू नयेत, दोन-तीन करून काढावेत.

झडप कृत्रिम असल्यामुळे दाढ काढण्याआधी तासभर अँटिबायोटिकची एक मोठी मात्रा दिली. दाढेतले जंतू रक्तात शिरून झडपेवर बसू नयेत म्हणून ती देतात. तुमच्या घरी झडपेचं माणूस असेल तर याबद्दल जरूर विचारा.

दाढ निघाली. डॉक्टरांनी खळग्यात विरघळणारा स्पंज ठेवून दोन टाके घातले आणि गॉझचा बोळा अर्धा तास चावून धरायला लावला. वर एक चूळ भरायचं औषध दिलं, ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडचं. झालेली गाठ हे औषध विरघळू देत नाही. ते शोधून काढणारी जपानी शास्त्रज्ञ एक स्त्री होती, उताको ओकामोटो. मूल सांभाळायला कुणी नाही म्हणून लेकीला पाठीशी बांधून ती प्रयोगशाळेत काम करी. बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या बायकांना वाचवावं, ही तिची तळमळ. १९६२ मध्ये तिने आणि तिच्या पतीने या औषधाची माहिती प्रसिद्ध केली. बाळंतपणातल्या मोठ्या पाहणीचा निकाल २०१७ मध्ये तिच्या बाजूने लागला, पण तो पाहायला ती नव्हती. आदल्या वर्षीच ती वारली होती. हे औषधही स्वतःच्या मनाने दुकानातून आणायचं नाही बरं का, डॉक्टरांनी दिलं तरच!

त्या संध्याकाळी आत्याबाईंनी हात पुढे केला आणि मी नेहमीची बारकी गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

दाढ काढल्यावर घरी काय कराल?

बोळा अर्धा तास घट्ट धरून ठेवायला सांगा. रक्त थांबलं का म्हणून दर दोन मिनिटांनी काढून पाहू नका. पहिले चोवीस तास चुळा भरणं, थुंकणं आणि नळीने पिणं बंद. लाळ गुलाबी दिसेल, घाबरू नका, गिळून टाकायची. त्या दिवशी गरम चहा, रस्सा नको. गार केलेली मऊ खिचडी, ताकभात, वरणभात द्या. रात्री डोक्याखाली एक उशी जास्त ठेवा. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याच्या हळुवार चुळा चालतील.

मिश्री आणि तंबाखू अजिबात नको! दाढ दुखते म्हणून मिश्री लावणाऱ्या आपल्या किती बाया आहेत. जखमेत हळद, चुना, तुरटी, लवंगेचं तेलही भरू नका.

पुन्हा रक्त आलं तर माणसाला बसवा, आडवं करू नका. स्वच्छ कापडाची किंवा गॉझची ओली घडी खळग्यावर ठेवून अर्धा तास, घड्याळ लावून, चावून धरायला सांगा. तरीही थांबलं नाही किंवा तोंड भरून रक्त येऊ लागलं तर लगेच डॉक्टरांकडे न्या.

वेदनेच्या गोळ्यांबद्दल सावध!

‘दाढेच्या गोळ्या द्या’ म्हटलं की मेडिकलवाला पुडी काढून देतो. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीसोबत ती पुडी फार धोक्याची. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक या वेदनाशामकांनी रक्तस्राव वाढतो, पोटातही होतो. दाढेसाठी सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल वॉरफेरिनसारख्या गोळ्यांचा जोर फार वाढवतं. तोंड आल्यावर लावायच्या मायकोनॅझोलच्या जेलनेही तेच होतं. साध्या दुखण्याला पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात सुरक्षित, पण तेही डॉक्टर सांगतील तेवढंच. अँटिबायोटिक द्यावं लागलंच तर काही दिवसांनी आय.एन.आर. पुन्हा तपासा.

स्वयंपाकघरातलं थोडं

मेथी, पालक, शेपू, कोथिंबीर यांत ‘के’ जीवनसत्त्व भरपूर असतं. म्हणून भाज्या बंद करायच्या का? नाही! रोजचं प्रमाण साधारण सारखं ठेवायचं. एरवी पालेभाजी नाही आणि थंडीत सलग आठ दिवस मेथी, किंवा नवरात्रात नऊ दिवस नुसती भगर आणि साबुदाणा, अशाने आकडा खालीवर होतो. उपासाआधी डॉक्टरांना विचारा. कुणी काढा किंवा चूर्ण सुचवलं तर तेही विचारूनच द्या.

आणि मैत्रिणींनो, ही गोळी तुम्ही स्वतः घेत असाल तर एक लक्षात ठेवा. पाळी चुकली तर दिवस मोजत बसू नका, लगेच डॉक्टरांना सांगा. यातल्या काही गोळ्यांनी पहिल्या महिन्यांत गर्भाला अपाय होतो. पण तेव्हाही घाबरून गोळी स्वतः सोडायची नाही.

हे कापून डब्याच्या झाकणावर चिकटवा

१. रक्त पातळ ठेवणारी गोळी कुणाच्याही सांगण्यावरून बंद करायची नाही. ज्या डॉक्टरांनी दिली, त्यांनाच विचारायचं.

२. दातांच्या डॉक्टरांना गोळीचं पाकीट दाखवायचं. आदल्या दिवशी तपासणी, सकाळची वेळ.

३. दाढेनंतर वेदनेची गोळी डॉक्टरांना विचारून.

४. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळतं, यातलं एकही दिसलं तर वेळ किती वाजता ते लक्षात ठेवून १०८ ला फोन. पहिले साडेचार तास फार मोलाचे असतात.

गुंतागुंतीची दाढ असेल आणि गावातले डॉक्टर ‘मोठ्या ठिकाणी जा’ म्हणाले तर त्यांच्यावर रागावू नका. छत्रपती संभाजीनगरला आणि नागपूरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत, तिथे अशी कामं होतात.

आमच्या घरी या दुसऱ्या दाढेला आता कितीतरी वर्षं झाली. आत्याबाई सकाळी अंगणात बसून डाव्या हाताने शेंगा निवडतात, उजवा त्याला मदत करतो. परवा शेजारच्या काकू आल्या. त्यांच्या यजमानांना स्टेंट बसवलाय आणि दाढ काढायची आहे. मी तोंड उघडायच्या आतच आत्याबाई अडखळत म्हणाल्या, “गोळी... बंद नका करू. आधी डॉक्टरला विचारा.”

मग काकूंना सांगायचं माझ्यासाठी काही उरलंच नाही.